कॉमिक्स नक्की कुठून घेता तुम्ही लोक? आणि वेताळाचा उरलेला अर्धा भाग कुणाकडे आहे का

खेतवाडीचा_बंड्या

मंडळी, आधी कारण सांगतो मग प्रश्न विचारतो, लांबण लागेल पण वाचा.

आमची गिरगावातली चाळ रीडेव्हलपमेंटला गेली, खोली महिनाभरात रिकामी करून द्यायची होती म्हणून गेले चार रविवार आईबरोबर माळा उपसत होतो. पितळेची भांडी, मोदकपात्राची नुसती झाकणं, बाबांच्या गिरणीतल्या पगाराच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यात मागे बिस्किटांचा एक पत्र्याचा चौकोनी डबा. उघडला तर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आणि खाली माझी एकोणीस इंद्रजाल कॉमिक्स. मराठी! ती आईने रद्दीत घातली असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो, त्यावरून तिला टोमणे मारून झालेत, बायकोसमोर सुद्धा. आईने डबा माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "घे, आता बोल."

तर त्या एकोणीसमधल्या एकाला कव्हर नाही, पहिलं पानही नाही, त्यामुळे नाव-नंबर काही कळत नाही. गोष्ट वेताळाची, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमची. शेवटच्या चौकटीत वेताळ एका कोरड्या विहिरीत उतरलाय, वर एक दाढीवाला म्हातारा हातात सुरा घेऊन दोराशी उभा, आणि तो दोर कापतोय की सोडवतोय ते कळायच्या आत खाली 'पुढील अंकी समाप्त'. तो पुढचा अंक मी कधीच वाचला नाही. १९८८ साल असेल, मला कावीळ झाली होती, महिनाभर उसाचा रस आणि चुरमुरे, तेवढ्यात तो अंक स्टॉलवर येऊन गेला पण.

दुसरी भानगड माझ्या चिरंजिवांची. वय तेरा, मंगा म्हणजे ती जपानी कॉमिक्स वाचतो, मित्राकडून आणतो, आता स्वतःचे हवेत. त्याला कौतुकाने इंद्रजाल दाखवलं तर पाच मिनिटांनी म्हणतो, "बाबा हे चुकीच्या बाजूने का उघडतं?"

तर प्रश्न असे. नवीन कॉमिक्स तुम्ही मुंबईत कुठून घेता, दुकानात जाऊन की ऑनलाइन? जुनी मराठी अजून कुठे मिळतात का आणि त्याला भाव काय लावतात, कारण एका साइटवर एका इंद्रजालला मागितलेला आकडा बघून मी मोबाइल उलटा ठेवला. आणि त्या म्हाताऱ्याने दोर कापला का, हे कुणाला माहीत असेल तर सांगू नका, पण अंक कुठे मिळेल ते सांगा.

रद्दीप्रेमी

आयला बंड्या, नशीबवान आहेस. माझ्या आईने खरंच रद्दीत घातली होती, आणि गंमत म्हणजे त्यातली तीन मी त्याच रद्दीवाल्याकडून परत विकत घेतली, एकावर माझ्याच अक्षरात 'इयत्ता ४ थी ब' लिहिलेलं होतं. रद्दीवाला म्हणे नाव लिहिलेलं आहे म्हणून चार आणे कमी दे.

ज्यांनी हा व्यवहार केला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रद्दीवाला गठ्ठ्यातून कॉमिक्स वेगळी काढायचा आणि दुकानाच्या दारात सुतळीवर चिमट्याने टांगायचा. छापील किमतीच्या अर्ध्यात द्यायचा आणि वाचून नीट परत आणलंत तर त्याच्याही अर्ध्यात परत घ्यायचा, म्हणजे तीन रुपयांचं कॉमिक दीड रुपयात न्यायचं, परत दिल्यावर बारा आणे हातात, म्हणजे वाचन पडलं बारा आण्यात. आमच्या गल्लीतल्या पाच जणांनी मिळून पैसे काढून एकच घ्यायचं आणि आळीपाळीने वाचायचं असा धंदा पण केलाय, त्यात रद्दीवाल्याला कळायच्या आत ते कॉमिक पाच घरं फिरून यायचं. आता रद्दीवाले ॲपवर बोलावतात, काटा लावतात आणि माल थेट गोडाऊनला, मधे बसून चाळणारा माणूसच राहिला नाही. जुनी कॉमिक्स बाजारातून गेली ती तिथे गेली असं माझं स्पष्ट मत आहे, लोकांनी वाचणं सोडलं वगैरे नंतरचं.

आता कुठे बघायचं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरची पुस्तकवाली मंडळी, तिथे पुढे इंजिनिअरिंग-मेडिकलचे डोंगर असतात, मागच्या खोक्यात बाकीचं. जून-जुलैत जाऊ नकोस, कॉलेजवाल्यांची झुंबड असते, तुला कोणी विचारणार नाही. दिवाळीनंतर जा. आणि पहिलं वाक्य 'इंद्रजाल आहे का' हे चुकूनही नको, ते ऐकलं की भाव तिप्पट. आधी कसलं तरी जुनं मासिक उचल, दोन-चार पानं चाळ, मग सहज विचार लहान मुलांचं काही आहे का. फाउंटनला पूर्वी अख्खी रांग होती, कारवाई झाल्यावर बरेच उठले, उरलेत त्यांच्याकडे आता मंगा आणि श्रीमंत कसं व्हावं हीच पुस्तकं. चोरबाजारात शुक्रवारी सकाळी लवकर गेलास तर जुन्या सिनेमाच्या पोस्टरवाल्यांकडे कधीतरी लागतं, पण मराठी मला तिथे एकदाच मिळालं.

परळचा_पक्षी

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे इंद्रजालच्या 'बहादूर'चा एक अंक आहे, विकायचा नाही.

मधुरा_लोअरपरेल

बंड्याकाका (मुलगा तेरा वर्षांचा म्हणजे काका चालेल ना?) तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं मी सांगते, कारण माझा अर्धा पगार तिकडेच जातो आणि आई म्हणते लग्नासाठी साठव.

पहिली गोष्ट, मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात, जपानीत तसंच असतं आणि इंग्रजी आवृत्तीत पण हल्ली तसंच ठेवतात, त्यामुळे त्याला तुमचं वेताळ उलटं वाटणारच, रागावू नका.

दुकानं म्हणाल तर फोर्टला किताबखाना, वांद्र्याला टायटल वेव्हज, आणि क्रॉसवर्ड जिथे जवळ असेल ते. किताबखाना मला जास्त आवडतं कारण उभं राहून वाचलं तरी कोणी खेकसत नाही. ऑनलाइन स्वस्त पडतं हे खरंय पण पॅकिंगचं नशीब. एका मोठ्या साइटवरून मी हार्डबाउंड कलेक्शन मागवलं, ते नुसत्या कागदी पाकिटात आलं, चारही कोपरे चेपलेले, एका कोपऱ्यावर तर बुटाच्या टाचेचा ठसा. परत केलं, दुसरं आलं, त्याचे तीन कोपरे चेपलेले. तेच ठेवलं, म्हटलं एक तर सुधारला.

आता महत्त्वाचं. मंगाच्या डुप्लिकेट कॉपी सगळीकडे झाल्यात. स्टेशनबाहेर, फुटपाथवर, इन्स्टावर सुद्धा. ओरिजिनल चार-पाचशेच्या घरात जातो, डुप्लिकेट दीड-दोनशेत. मी एकदा अंधेरीला १८० ला घेतला, ट्रेनमध्ये वाचायला सुरुवात केली, हीरो मरायला टेकलेला आणि पान ९६ नंतर परत पान ८१. जोगेश्वरीपर्यंत मला वाटत होतं लेखकाने मुद्दाम फ्लॅशबॅक टाकलाय!! ओळखायचं असं: कागद पांढराफेक आणि पातळ, मागच्या पानावरचा चेहरा इकडे दिसतो, काळा रंग काळा नसतो, राखाडी असतो, आणि दोन पानांच्या मधल्या घडीत संवाद अर्धे गिळलेले असतात. एवढं दुकानात उभ्या उभ्या बघता येतं.

आणि मुलाला सगळंच विकत घेऊन देऊ नका हो. वन पीस १९९७ पासून चालू आहे, शंभराच्या वर खंड झालेत, तुमच्या नवीन वन बीएचकेमध्ये राहायचं कोणी ते आधी ठरवा. शुएशा म्हणजे छापणाऱ्या कंपनीचंच मंगा प्लस नावाचं ॲप आहे, त्यात बहुतेक मालिकांची सुरुवातीची आणि ताजी प्रकरणं फुकट असतात, कायदेशीर. शोनेन जंपचं ॲप पण भारतात चालतं, महिन्याची वर्गणी अगदी किरकोळ आहे. आधी त्यात वाचू दे, मग जे दुसऱ्यांदा वाचावंसं वाटेल तेवढंच कागदावर. मी कॉलेजात असताना वर्सोव्याला लीपिंग विंडोज कॅफेत जायचे, तिथे कॉमिक्सची लायब्ररी होती, एका कोल्ड कॉफीवर दुपार काढायचे. तसल्या जागा अजून दहा हव्यात मुंबईत.

कॉमिक कॉनला न्या त्याला एकदा, पण कॉमिक्स घ्यायला म्हणून नको, तिथे टीशर्ट आणि कीचेनच जास्त. फक्त कोपऱ्यात आर्टिस्ट लोकांची टेबलं असतात, स्वतः काढून स्वतः छापून विकतात, समोर बसून चित्र काढून सही करून देतात, तिथे मात्र पैसे सोडा.

स्कॅन_सम्राट

एवढा खटाटोप कशाला, टेलिग्रामवर सगळं पीडीएफ फुकट आहे. हिंदी इंग्लिश मराठी. धूळ नाही, कसर नाही, भाव नाही.

शाई_आणि_कागद

सम्राट, आपण म्हणता ते स्कॅन मीही पाहिले आहेत. नव्या कॉमिक्सचे फुकट स्कॅन म्हणजे सरळ चोरी, त्यावर बोलायला नको. जुन्या मराठी इंद्रजालचं थोडं वेगळं वाटतं मला, कारण ती विकत घेतो म्हटलं तरी दुकानात कुणी देत नाही. पण मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचणं म्हणजे खिडकीच्या गजातून वरात बघणं.

मी ३४ वर्षं प्रभादेवीच्या एका प्रेसमध्ये ऑफसेटवर काढली, त्यामुळे जुनं कॉमिक घेताना फसवणूक कशी ओळखायची ते लिहितो, बंड्याभाऊंना आणि इतरांनाही उपयोग होईल.

पहिल्यांदा मधल्या पिना बघा. आपल्याकडची हवा दमट, चाळीस वर्षांची पिन गंजणारच, आणि गंजाचा तांबूस डाग आजूबाजूच्या कागदात उतरणारच. आतल्या पानांवर डाग आहे आणि पिन मात्र चकचकीत, तर समजा अंक उघडून परत बांधलाय, बहुधा कव्हर दुसऱ्याचं किंवा कलर झेरॉक्स. मग कव्हरवर भिंग धरा. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके सुटे दिसतात, निळा वेगळा, तांबडा वेगळा, पिवळा वेगळा, आणि कुठे कुठे एक रंग केसभर सरकलेला असतो. झेरॉक्समध्ये ते ठिपके एकमेकांत कालवल्यासारखे होतात. तिसरी गोष्ट, वास. न्यूजप्रिंट जुना झाला की गोडसर वास येतो, तो कुणाला आणता येत नाही.

आणि बंड्याभाऊ, डांबराच्या गोळ्या आता काढा. आईंनी जपलं त्याबद्दल त्यांना नमस्कार, पण अंक बंद डब्यात नका ठेवू. कोरड्या दिवशी तासभर पंख्याखाली उघडे ठेवा, उन्हात नको, मग प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे एक जाड पुठ्ठा, आडवे रचून. बाजारातल्या वह्यांच्या कव्हरच्या प्लॅस्टिकमध्ये घालू नका, ते दोन-चार पावसाळ्यांत चिकटतं आणि शाई उचलतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावलात तर मला सांगू पण नका.

कालिनाचा_कट्टेकरी

डब्याचं वाचून पोटात गोळा आला. माझा पत्र्याचा नव्हता, लाकडी पेटी होती, पलंगाखाली. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, आमच्या घरात पाणी पलंगाच्या वर. मी ऑफिसमध्ये अडकलो होतो, दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचलो. बायको, पोरगं शेजाऱ्यांच्या माळ्यावर सुखरूप, ते बघून जीव भांड्यात पडला, पेटीची आठवण तिसऱ्या दिवशी आली. उघडली तर सगळं मिळून एक वीट झालेली. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, नागराज, ध्रुव सगळे एकमेकांना चिकटलेले. सुरीने पानं सोडवायचा प्रयत्न केला तर डोगाच्या तोंडावर चाचा चौधरीची पगडी उमटलेली. बायको म्हणाली टाका आता. दोन दिवस नाही टाकली.

त्यानंतर जुनं काही जमवत नाही, फक्त नवीन रिप्रिंट. नागराज, ध्रुव काढणाऱ्या राज कॉमिक्सची जुनी आता परत छापून येतात, पण घेताना एक लक्षात ठेवा, तिचे मालक गुप्ता बंधू वेगळे झाल्यापासून संजय गुप्ता, मनोज गुप्ता अशा वेगवेगळ्या नावांनी निघतात, दुकानदार पण गोंधळतात, त्यामुळे तुम्हाला हवी ती मालिका कुणी काढलीय ते बघून मग ऑर्डर टाका, नाहीतर पहिला भाग एकाचा नि दुसऱ्याची वाट बघत बसाल. आणि मराठी माणसाने नागराज हिंदी म्हणून नाक मुरडू नये, सुरुवातीची चित्रं आपल्या प्रताप मुळीकांची आहेत, अमर चित्र कथेत ज्यांची चित्रं बघत आपण मोठे झालो तेच.

खालच्या दोन कप्प्यांत आता नुसत्या डिक्शनऱ्या आणि पोराची गाइडं. पाणी आलंच तर आधी त्यांना प्यायला.

न्यूजर्सीकर

इकडची गंमत सांगतो, मुंबईकरांना हेवा वाटेल असं वाटत असेल तर तसं काही नाही.

इकडे कॉमिक्सची वेगळी दुकानं असतात. नवीन अंक बुधवारी येतात. तुम्ही दुकानदाराकडे यादी देऊन ठेवायची, याला पुल लिस्ट म्हणतात, तो तुमच्या नावाच्या खणात अंक काढून ठेवतो, आपल्याकडे पेपरवाला दिवाळी अंक बाजूला ठेवतो तसं. आमचा दुकानदार म्हातारा गृहस्थ आहे, बुधवारी नाही गेलो तर गुरुवारी फोन. पण पातळ अंकाचे पैसे इतके झालेत की वीस मिनिटांत वाचून झाल्यावर आपण काय केलं असं वाटतं. त्यात इकडच्या दुकानांना माल पोचवणारी एकेकाळची सगळ्यात मोठी कंपनी डायमंड, तिने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा मी गावी काकांना फोनवर हे सांगितलं तर ते हळहळले, "अरेरे, म्हणजे चाचा चौधरी बंद?" त्यांना समजावता समजावता कार्ड संपलं. ती डायमंड वेगळी, चाचा चौधरी छापायची ती आपली डायमंड कॉमिक्स वेगळी.

इकडून पातळ अंक पोस्टाने मागवायच्या फंदात कोणी पडू नका, अंकापेक्षा पोस्टेज जास्त. जाड कलेक्शन तिकडेच घ्या, बऱ्याच वेळा तिकडची किंमत कमी असते. अगदीच हवं असेल तर येणाऱ्या माणसाच्या बॅगेत, पण २३ किलोत लोणचं आणि कॉमिक्स यांच्यात कोण जिंकतं ते माझ्या आईला विचारा, आणि परत येताना तर चकलीच जिंकते.

सहा_सव्वीसची_फास्ट

सावधगिरीचा इशारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या अंकांचे फोटो टाकून विकणारे बरेच आहेत, चांगले पण आहेत, मी स्वतः तिघांकडून घेतो. पण एकाने मला आठ मराठी अंकांचे फोटो पाठवले, भाव ठरला, यूपीआय केलं आणि पठ्ठ्या गायब. नंतर लक्षात आलं, प्रत्येक फोटोत मागची चादर वेगळी. म्हणजे आठ जणांचे फोटो ढापलेले. तेव्हापासून माझा नियम, आधी व्हिडिओ कॉल, त्यात मी सांगेन ते पान उघडून दाखव, म्हणजे पान १७ उघड, आता मागचं कव्हर. खरा विकणारा कुरकुरतो पण दाखवतो.

डोंबिवलीला पै फ्रेंड्स लायब्ररीवाले पुस्तकांच्या अदलाबदलीचा कार्यक्रम करतात, आपली द्यायची, दुसऱ्यांची न्यायची. कॉमिक्स कमीच येतात पण मला त्यात चांगल्या अवस्थेतलं हॉडर डार्गो प्रकाशनाचं जुनं अ‍ॅस्टेरिक्स मिळालं, बदल्यात मी शेअर बाजाराचं पुस्तक दिलं. त्या माणसाला आपण जिंकलो असं वाटलं असेल.

आणि नवीन मराठी हवं असेल तर दादरला आयडियल, शिवाजी मंदिरला मॅजेस्टिक. अमर चित्र कथा मराठीत मिळतात. लहान मुलं असतील तर 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत, तो खजिना लोकांना माहीतच नाही. पूर्वी स्टेशनात व्हीलरच्या स्टॉलवर गाडी सुटायच्या आधी पाच मिनिटांत कॉमिक मिळायचं, आता त्याच जागी वेफर्स आणि पाण्याच्या बाटल्या.

परळचा_पक्षी

बहादूरवरून आठवलं. बहादूर लिहिणारे आबिद सुरती, तेच ते मीरा रोडला दर रविवारी प्लंबर घेऊन लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करत हिंडणारे. चंबळचे डाकू संपले मग नळाकडे वळले. विषयांतराबद्दल क्षमस्व. बहादूर तरीही विकायचा नाही.

खेतवाडीचा_बंड्या

बाप रे, एवढे प्रतिसाद! शाईकाका, गोळ्या काढल्या, पंख्याखाली ठेवली, आई शेजारी राखण करत बसलीय. सेलोटेप दोन ठिकाणी आधीच आहे, तो मी आठव्या वर्षी लावलेला, माफी असावी. मधुराताई, मुलाला मंगा प्लस दाखवलं, तो म्हणाला ते त्याच्याकडे आधीपासूनच आहे आणि मला कळलं नाही एवढंच. कट्टेकरी, काय बोलू. कधी भेटलात तर माझी वाचायला देईन, नेऊ देणार नाही.

पण माझ्या विहिरीचं काय?

शकुताई_माहीम

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही, पण आज लिहावं लागतंय.

आमच्या वडिलांची माहीमला छोटी सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, घराच्याच पुढच्या खोलीत. कॉमिक्स सुटी दिली की पोरं कव्हर फाडायची, म्हणून बाबा चार-चार अंक एकत्र दाभणाने शिवून वर तांबड्या कापडाची पट्टी चिकटवायचे. शिवण इतकी आत घ्यायचे की आतल्या बाजूचा अर्धा शब्द वाचायला पुस्तक मोडावं लागायचं. प्रत्येक दहाव्या पानावर जांभळा शिक्का, आणि तो बरोबर वेताळाच्या छातीवरच्या कवटीवर पडायचा, मला वाटतं मुद्दाम. लायब्ररी बंद केली तेव्हा सगळं वाटून टाकलं, माझ्याकडे असा एकच शिवलेला गठ्ठा उरलाय.

त्यातल्या पहिल्या अंकाची सुरुवात विहिरीत होते. वेताळ खाली, आणि वरून दोर येऊन त्याच्या अंगावर पडतो. दोराशी एक म्हातारा आहे. मला लहानपणापासून हा म्हातारा कोण, वेताळ विहिरीत गेलाच का, काही म्हणजे काही माहीत नाही, कारण बाबांनी शिवताना आधीचा अंक कुठल्या गठ्ठ्यात घातला देव जाणे. शेवट मला पाठ आहे, सुरुवात नाही.

फक्त एक अडचण आहे. तुमच्या म्हाताऱ्याची दाढी काळी की पांढरी? माझ्या पांढरी आहे.

खेतवाडीचा_बंड्या

ताई अंगावर काटा आला. आत्ता उठून बघून आलो. काळी आहे. कुळकुळीत काळी. आता? दोराचं अजून काही सांगू नका हं.

रद्दीप्रेमी

वांदे. विहिरीच्या गोष्टी ढिगाने असणार. दुसराच अंक असेल.

शाई_आणि_कागद

घाई नको. दाढीच्या रंगावर जाऊ नका. त्या काळी दोन अंकांचे रंग दोन वेगळ्या माणसांनी लावले असतील तर एकाने दाढीत काळं भरलं, दुसऱ्याने तशीच सोडली, असं होतंच. अहो खुद्द वेताळाचे कपडे बघा. ली फॉकने १९३६ मध्ये त्याला काढला तेव्हा त्याच्या मनात करडा रंग होता, १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पट्टीत तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये तोच निळा, इटलीत लाल. जिथे नायकाच्या कपड्यांची ही गत, तिथे म्हाताऱ्याच्या दाढीला कोण विचारतो?

रंग सोडा, रेषा बघा. म्हाताऱ्याचा सुरा कुठल्या हातात आहे, विहिरीच्या काठाला दगड किती दाखवलेत, दोराला गाठ आहे का. हे दोघांनी आपापल्या अंकात बघून लिहा. नाहीतर असं करा, समोरासमोर ठेवूनच बघा. भिंग मी आणतो.

शकुताई_माहीम

सुरा डाव्या हातात. दोराला दोन गाठी.

खेतवाडीचा_बंड्या

डावा हात!! गाठ एकच दिसतेय पण दुसऱ्या जागी माझा सेलोटेप आहे, पिवळा पडलाय, खालचं दिसत नाही.

शाई_आणि_कागद

सांगितलं होतं.

सहा_सव्वीसची_फास्ट

रविवारी भेटा रे कुठेतरी. मी पण येतो, व्हिडिओ कॉलवर पान १७ उघडायला लावण्यापेक्षा बरं.

शकुताई_माहीम

किंग्ज सर्कलला या, मला माहीमहून बस आहे. अकरा वाजता, उद्यानाच्या गेटपाशी. गठ्ठा आणीन पण पाऊस असला तर नाही, बाबांनी एवढं शिवलंय ते भिजवायचं नाही. आणि बंड्या, तुमचा अंक मी आधी वाचणार, मग तुम्ही माझा. माझी वाटही तुमच्याइतकीच जुनी आहे.

खेतवाडीचा_बंड्या

चालेल ताई. आई पण येतेय, म्हणते डबा मी सांभाळला तर म्हातारा मीही बघणार. मुलाला विचारलं येतोस का, तर म्हणाला तिथे मंगा मिळत असेल तर येईन.

मधुरा_लोअरपरेल

मिळतो, पण पान ८१ ते ९६ तपासून घ्या.